माळ्यावरची पेटी: मनात लढाई चालू असताना ख्रिस्तापुढे अंतःकरण कसं उघडावं

आमच्या चाळीत अचानक पाहुणे आले की आई पहिलं काम एकच करायची. खाटेवरचा, खिडकीतला सगळा पसारा गोळा करून माळ्यावरच्या पेटीत टाकायची आणि पडदा ओढायची. खोली दहा बाय बाराची, पण येणाऱ्याला ती नीटनेटकी दिसायची. पुढे कितीतरी वर्षं मी प्रार्थनेलाही असाच बसत होतो. प्रभू येशूला आत बोलवायचं, चांगल्या जागी बसवायचं आणि माळ्याचा पडदा ओढून घ्यायचा. माझ्या माळ्यावर काय होतं ते पुढे सांगतो.

तुमचा विश्वास आहे, रविवारी तुम्ही उपासनेला किंवा मिस्साला जाता, पण आत ओढाताण चालू आहे, अशा वेळी काय करायचं ते इथे लिहितो आहे. ओढाताण कसलीही असेल: न सुटणारी सवय, कुणाबद्दलची अढी, ‘देव ऐकतो तरी का’ ही शंका, किंवा नुसताच कोरडेपणा. आपली समजूत अशी असते की आधी मन शांत होऊ दे, मग प्रभूपुढे जाऊ. मला ही समजूतच सगळ्यात मोठी अडचण वाटते. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येशू दाराशी उभा राहून ठोकतो आहे, ते दार लावदिकीयाच्या मंडळीचं आहे. म्हणजे आत बसलेले लोक विश्वासणारेच होते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आणि तरीही आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. एवढ्या विदुषीने हे मोकळेपणाने कबूल केलं. तुम्हालाही आज तसं वाटत असेल तर घाबरू नका.

आधी जागा शोधा

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो, आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि बापाची प्रार्थना कर. एका खोलीत पाच-सहा माणसं राहणाऱ्या मुंबईकराने ही खोली आणायची कुठून? तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोठीची खोली असाही होतो, जिथे धान्य आणि अडगळ ठेवतात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. बैठकीची खोली त्याने मागितलेलीच नाही.

तेव्हा जी मिळेल ती जागा घ्या. पहाटेची गच्ची, घरातले उठण्याआधीचा स्वयंपाकघरातला ओटा, विरार किंवा कर्जतहून सुटणाऱ्या लोकलमधली खिडकी. फोर्टात नोकरी असेल तर दुपारच्या सुट्टीत सेंट थॉमस कॅथेड्रल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १७१८ सालचं हे देवालय. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा म्हणूनच चर्चगेट हे नाव पडलं. दरवाजा कधीच गेला, नाव उरलं. कुणाला एकांतापेक्षा गर्दीतच मोकळं होता येतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या जातिधर्मांची माणसं दाटीने उभी असतात, तिथे डोळ्यांतलं पाणी कुणी बघत नाही.

वीस मिनिटं पुरेत. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा.

अंग थकलं असेल तर आधी झोपा

ही पायरी लोक गाळतात. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने पळाला, रानात झुडपाखाली बसला आणि ‘आता मला मरण दे’ म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने भाकर आणि पाणी दिलं, तो झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. डोंगरावर देवाची भेट त्यानंतर झाली. रोज दोन-दोन तास लोकलमध्ये लोंबकळून घरी येणाऱ्या माणसाचा कोरडेपणा कधीकधी निव्वळ झोपेचा असतो.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. दोन-तीन आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना गेली, जगू नये असे विचार येत आहेत, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रत्येक आजाराला सैतानाचं नाव देणारा, औषध बंद करायला लावणारा किंवा प्रार्थनेचे पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून निघून या.

पेटीला नाव द्या

‘प्रभू, मी पापी आहे’ ही प्रार्थना खरी आहे, पण ती फार सोपी आहे. तिच्याआड सगळंच लपतं. एका कागदावर नेमकं लिहा: काय, कधी, कुणाशी.

मी सांगतो माझं काय होतं. वडील गेल्यावर आमच्या खोलीचा पुनर्विकासाचा हिस्सा कुणाचा, यावरून माझं आणि धाकट्या भावाचं वाजलं. तीन वर्षं बोलणं नव्हतं. त्या तीन वर्षांत मी उपासनेत शास्त्रपाठ वाचला, दशमांश दिला, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केल्या. प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आम्ही आपल्या ऋण्यांस’ ही क्षमेची ओळ आली की आवाज तेवढा खाली यायचा. मला वाटायचं माझी लढाई शंकेशी आहे, देव दूर गेला आहे. ज्या दिवशी कागदावर लिहिलं, ‘भावाचं वाईट व्हावं असं मला वाटतं’, त्या दिवशी हात थरथरला. पण लढाई कुठे आहे ते प्रथमच कळलं.

तुमचा कागद कुणाला दाखवायचा नाही, नंतर फाडून टाकला तरी चालेल. मात्र लिहिताना शब्द सौम्य करू नका. ‘गैरसमज’ नको, खोटं बोललो असेल तर ‘खोटं बोललो’ लिहा. आणि दुखावले गेले असाल, तुमच्यावर अन्याय झाला असेल, तर तेही लिहा. माळ्यावर केवळ आपली पापंच नसतात, जखमाही असतात. त्यांची लाज तुम्ही बाळगायची नाही.

घरच्या भाषेत बोला

प्रार्थनेला बसलो की आपली भाषा बदलते, हे तुम्हीही पाहिलं असेल. ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ने सुरुवात होते आणि दहा वाक्यांत आपण स्वतः कुठेच नसतो. उपासनेत ती भाषा शोभते. पण एकट्याने बोलताना ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत बोला. मराठी असो, वसईची सामवेदी असो, कोळीवाड्यातली असो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत झाला, आणि त्यांनी ख्रिस्ताला हाक मारली ती अभंगात आणि ओवीत. परक्या भाषेत मन पूर्ण उघडत नाही हे त्यांना नेमकं उमगलं होतं.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा. तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. ‘किती काळ’ हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. आणि ते तसंच पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे इतकं उघड बोललेलं चालतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आवाज पारखा

मन उघडायला लागलात की आत दोन आवाज येतात. इथेच खरी लढाई आहे, आणि इथेच बहुतेक जण पडदा पुन्हा ओढतात.

एक आवाज मोघम असतो. ‘तू असाच आहेस. किती वेळा माफी मागणार? लोकांना कळलं तर?’ तो पुढे जायला वाट देत नाही, नुसतं कोपऱ्यात बसवतो. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला बंधूंवर दोषारोप करणारा म्हटलं आहे, ते यासाठीच. दुसरा आवाज नेमका असतो. ‘शुक्रवारी तिला जे बोललास ते चूक होतं. जा, तिला भेट.’ तो टोचतो, पण त्याच्यासोबत दार उघडं असतं.

१५२१ साली स्पेनमधल्या पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट संघ स्थापणारा संत, अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग मन रितं होतं; ख्रिस्ताच्या मागे जाण्याचे विचार केले की आनंद मागे उरतो. पारखायची खूण तीच. विचार आला तेव्हा कसं वाटलं यापेक्षा तो गेल्यावर मनात काय उरलं ते पाहा.

येशूला धरून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र, या दोन शिष्यांचा मी या बाबतीत फार विचार करतो. एकाच रात्री दोघेही चुकले, दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा तो एकट्याने घेऊन गेला. पेत्र मात्र रडला आणि इतरांमध्ये परत आला, म्हणून तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवाशेजारी येशूला त्याला विचारता आलं, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ तीन वेळा नाकारणाऱ्याला तीन वेळा विचारलं. त्यात टोमणा नव्हता, जखम धुणं होतं.

किल्ली हातात द्या, हात थरथरत असला तरी

आता कागदावरचं एकेक वाक्य प्रभूपुढे वाचा आणि म्हणा, ‘हे तुझ्या हातात देतो.’ द्यायची इच्छाच होत नसेल, तर तेच सांगा. मी कितीतरी दिवस एवढंच म्हणत होतो, ‘प्रभू, भावाला क्षमा करायची माझी इच्छा नाही. ती इच्छा तू दे.’ मार्कच्या नवव्या अध्यायातल्या बापाने याहून वेगळं काय केलं? विश्वास आहे म्हणाला आणि त्याच दमात अविश्वासासाठी मदत मागितली. येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी स्वतःची इच्छा सांगितली, हा प्याला दूर कर, आणि मग बापाची इच्छा मागितली. तेच शब्द तो तीनदा बोलला. तेव्हा आज सोपवलं आणि उद्या सकाळी ते पुन्हा आपल्याच मुठीत सापडलं, तर हरलो असं समजू नका. पुन्हा सोपवा.

एका माणसाला सांगा

एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोब आपल्या पत्रात सांगतो. इग्नेशियसचं निरीक्षण असं की शत्रूला गुपित टिकायला हवं असतं; ते विश्वासू माणसापुढे उघडं झालं की त्याचा जोर सरतो. कॅथलिक असाल तर कुमसार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, आहे, आणि तिथे ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाहीत. इतरांनी पाळक किंवा मंडळीतलं एखादं पोक्त, कमी बोलणारं माणूस निवडावं. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र नाही. तिथे चार दिवसांत तुमची व्यथा सगळ्या मंडळीची बातमी होते. मी आमच्या एका निवृत्त पाळकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘चहा घे. मग दोघं मिळून प्रार्थना करू.’

एक छोटं पाऊल, त्याच आठवड्यात

वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. समेट आपल्या एकट्याच्या हातात नसतो, जाणं असतं. ज्याने तुम्हाला मारहाण केली किंवा छळलं, त्याच्याकडे मात्र जायचं नाही. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता.

मी दादरच्या पुलाजवळ उभा राहून भावाला फोन केला. आईच्या स्मरणाच्या उपासनेला ये, एवढंच बोललो. तो ‘बघतो’ म्हणाला. आला, उशिरा आला, शेवटच्या बाकावर बसला आणि जेवून गेला.

पुढचे दिवस

पहिल्या दिवशी हलकं वाटेल, तिसऱ्या दिवशी कदाचित सगळं पूर्वीपेक्षा कोरडं. कोरड्या दिवसांत चांगल्या दिवशी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसचा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. प्रार्थना सोडावीशी वाटली तर त्या दिवशी दोन मिनिटं जास्त बसा. झोपण्याआधी वहीत एक ओळ लिहा: आज मी कुठे दार उघडलं, कुठे पडदा ओढला. एकच ओळ, निबंध नको.

खोलीच्या हिश्श्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कागदपत्रं वकिलाकडे आहेत आणि भावाचं म्हणणं मला अजूनही पटत नाही. कालच्या तारखेला माझ्या वहीत लिहिलं आहे: त्याचा फोन आला, पहिल्या रिंगलाच उचलला.