कोकणातल्या कॉलेजात विज्ञानाचा प्राध्यापक नेमताना या चुका टाळा

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत बहुतेक कॉलेजं कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांची. विज्ञानाच्या एकेका विषयाला दोन-तीन माणसं, त्यातलं एखादं तासिका तत्त्वावर. इथे एक नेमणूक फसली की ती वीस-पंचवीस वर्षं निस्तरावी लागते. नाहीतर दोन वर्षांत माणूस जातो आणि पुन्हा बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांचा तक्ता), पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या फेऱ्या, जाहिरात.

जाहिरात मोघम देणं

‘रसायनशास्त्र, १ जागा’ एवढंच छापलं की सेंद्रियवाला येतो आणि तुमच्याकडे भौतिक रसायन शिकवायला कोणी नसतं. जीवशास्त्रात गोंधळ आणखी मोठा. सीएसआयआर-नेटला, म्हणजे विज्ञानाच्या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेला, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र वेगळे नाहीत, ‘लाइफ सायन्सेस’ हा एकच विषय आहे. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या जागेवर सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याचा अर्ज येतो आणि छाननीच्या टेबलावर वाद पेटतो. एम.एस्सी. कोणत्या विषयातली हवी ते जाहिरातीतच लिहा. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा राज्य पातळीवरची सेट, स्लेट ही किमान पात्रता केली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठेवली. तरीही जुन्या जाहिरातीचा मजकूर तसाच पुढे ढकलला जातो.

पेपरांच्या यादीला भुलणं

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतलं गुणांकन मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरतं होतं. पण समितीपुढे पंधरा शोधनिबंधांची यादी आली की सगळे दबतात. विचारा, त्यातलं कोणतं काम तुम्ही इथे, आमच्या प्रयोगशाळेत, टी.वाय.च्या पोरांना घेऊन कराल? ज्याचं सगळं संशोधन महागड्या यंत्रावर उभं आहे, तो इथे घुसमटेल. सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवं, खाडीकाठची कांदळवनं, किनाऱ्यालगतच्या विहिरींतला खारेपणा, यांतलं काही ज्याला आपणहून सुचतं त्याचं नाव बाजूला लिहून ठेवा.

पाठ प्राध्यापकांसमोर घेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नमुना पाठाला उमेदवार प्रबंधाचे स्लाइड दाखवतो, विषयतज्ज्ञ माना डोलावतात, मुलं कुठेच नाहीत. एफ.वाय.चा वर्ग समोर बसवा. यातली बरीच मुलं बारावीपर्यंत मराठीतूनच विचार करत आलेली असतात, पुस्तक मात्र इंग्रजीत. उमेदवार ‘बफर’ समजावताना अडलेल्या मुलाकडे बघून मराठीत वळतो का, आणि मग त्याला पुन्हा इंग्रजी संज्ञेवर आणून सोडतो का, ते दहा मिनिटांत कळतं.

दुसरा पाठ वाणिज्य आणि कलेच्या मुलांसाठी घ्यायला सांगा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या ‘ओपन इलेक्टिव्ह’मुळे विज्ञानाच्या प्राध्यापकाला ती मुलंही शिकवायची आहेत. विषय सोपा द्या: कोकमाच्या आगळात (खारवलेल्या रसात) सोडा टाकला की लाल रंग का पालटतो? अँथोसायनिन (कोकमातलं रंगद्रव्य) हा शब्द पहिल्याच वाक्यात आला तर गडबड आहे. आधी प्रयोग करून दाखवणारा, मग नाव सांगणारा माणूस हवा. (आगळ समितीने आणून ठेवावं, उमेदवार मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने येताना आणणार नाही.)

प्रयोगशाळेत पाऊल न टाकणं

मुलाखत प्राचार्यांच्या केबिनमध्येच सुरू होते आणि तिथेच संपते. उमेदवाराला टेबलापाशी न्या आणि विचारा, जुलै महिन्यात सोडियम हायड्रॉक्साइड तोलून नेमक्या तीव्रतेचं द्रावण करता येईल का? ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडशी टायट्रेशन करून तीव्रता ठरवावी लागते. हे पुस्तकात आहेच; पण ज्याने हाताने केलंय तो उत्तर देताना आधी बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते बघेल. जीवशास्त्रवाल्याला सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरची बुरशी दाखवा. खाऱ्या दमट हवेत उपकरणं जपणं हा इथल्या नोकरीचाच भाग आहे.

वस्तुस्थिती लपवणं

आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार कागदावर असतो. प्रात्यक्षिकाच्या बॅचेस, रिकामं पडलेलं प्रयोगशाळा परिचराचं पद, अडकलेलं अनुदान हे उमेदवाराला रुजू झाल्यावर कळतं. आधीच सांगा. भाड्याचं घर, जोडीदाराची नोकरी, दवाखाना किती लांब, हे त्याने विचारलं तर तो कुरकुरतोय असं समजू नका. राहायचा विचार असलेलाच हे विचारतो.

तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारा आपलाच उमेदवार असेल तर त्यालाही तोच पाठ, तेच प्रश्न.

रुजू होताच कामं लादणं

नवा माणूस आला की नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, एनएसएस, परीक्षा विभाग सगळं त्याच्या गळ्यात. पहिलं सत्र तरी त्याला वर्ग आणि प्रयोगशाळेपुरतं ठेवा. आणि डेडस्टॉक रजिस्टरवर (उपकरणं-सामानाच्या नोंदवहीवर) सही घेण्याआधी विभागप्रमुखांनी त्याच्यासोबत उभं राहून एकेक उपकरण चालू करून पाहावं. बंद पडलेल्या वस्तूंची वेगळी यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.