स्लरीच्या पाण्यातलं शेवाळ चौथ्या दिवशी मरत होतं, त्यावरचा उपाय

गोठ्यातल्या गोबरगॅसच्या स्लरीवर (टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणपाण्यावर) क्लोरेला हे सूक्ष्म हिरवं शेवाळ वाढवायचं, पाणीही निवळेल आणि तेलही मिळेल, असा बेत होता. पण दर खेपेला तेच: दोन दिवस हिरवं, चौथ्या दिवशी पिवळट, तळाशी गाळ आणि दुपारी नाकात झोंबणारा वास.

युरिया टाकला (उलट लवकर मेलं), बियाणं बदललं, मोठा एअर पंप आणला. तीन महिने पाण्यात गेले.

दोष अमोनियाचा होता. उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ९ च्या वर जातो आणि स्लरीतून पाण्यात आलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. मी पीएच सकाळी मोजायचो, तेव्हा ७.८ दिसायचा. दुपारी अडीचला मोजला तर ९.४!

आता करतो ते असं. स्लरी दोन दिवस निवळू देतो, वरचं पाणी धोतराच्या दुहेरी कापडातून गाळतो. १०० लिटरच्या टबासाठी हे पाणी फक्त ५ लिटर, बोअरचं ८० लिटर आणि गडद हिरवं तयार शेवाळ १५ लिटर. खोली २० सेंटिमीटरच्या आत, नाहीतर तळाला ऊन पोचत नाही. रोज दुपारी पीएच मोजायचा, ८.५ च्या वर गेला की पांढरं व्हिनेगर थोडं थोडं घालून ८ च्या खाली आणायचा.

मत्स्यटाकीचं पाणी तपासायच्या किटवर अमोनिया शून्य दिसला की नवी स्लरी घालायची नाही. अमोनिया हाच पेशींचा नायट्रोजन, आणि तो संपला की पेशी जास्त तेल साठवू लागतात. तेव्हाही रंग फिकटतो, पण झोंबणारा वास नसतो. पहिल्यांदा मी घाबरून अख्खा टब ओतून दिला होता.