स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करू नका

दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी, एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, नसेल तर साध्या तापातही माणूस हातचा जातो. तरी त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षं बघतोय.

सगळ्यात घातक चूक शीर्षकातच लिहिली आहे. मागच्या पावसाळ्यात साठीच्या एक मावशी आल्या. दोन दिवस उलट्या, वरचं बीपी ७०. दुसरीकडे गॅस्ट्रो समजून सलाईनच्या बाटल्या चढवून झाल्या होत्या, बीपी जागचं हलत नव्हतं. सोडियम १२१, साखर ५८, दोन्ही कमी. चेहरा गोल गरगरीत, दंड मात्र काडीसारखे. सलाईनची चिकटपट्टी काढली तर कातडीच सोबत निघाली. मी लेकीला विचारलं, "गुडघ्यांसाठी काही चालू होतं का?" "जडीबुटीची पुडी होती, वर्षभर. आठवड्यापूर्वी संपली." पुडीने आठ दिवसांत गुडघे मोकळे होतात म्हणजे त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड कुटलेलं असतं. बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी झोपी जातात आणि पुरवठा तुटला म्हणून लगेच जाग्या होत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. संध्याकाळी मावशींनी चहा मागितला.

प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची नेहमीची गोळी. ती तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर डोस पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचा. "बरं वाटलं म्हणून सोडलं" हे ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पाकिटांसकट, पिशवीत घालून आणायला सांगतो. तोंडी यादीवर माझा विश्वास नाही.

अंग काळवंडलं की "उन्हाने रापलं" म्हणू नका. उन्हाने हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडत नाहीत. सोबत वजन घटतंय, उठल्यावर चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं? अ‍ॅडिसनचा आजार, म्हणजे या ग्रंथीच निकामी होणं, तपासा. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये तो मांडला तेव्हाही क्षयाने पोखरलेल्या ग्रंथी समोर होत्या. आपल्याकडे क्षयाचा विचार आजही आधी करावा लागतो.

कॉर्टिसॉलची तपासणी दुपारी सवडीने करू नका, सकाळी आठच्या सुमारास करा.

गोरेपणासाठी स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने चोळू नका. तेही रक्तात उतरतं.

तिशीतच बीपी वाढलेलं आणि पोटॅशियम कमी? अल्डोस्टेरॉन, म्हणजे याच ग्रंथींचं मीठ-पाणी सांभाळणारं संप्रेरक, बघा. धडधड, घाम, डोकेदुखीचे झटके येऊन बीपी उसळतं त्याला "टेन्शन" म्हणून मोकळे होऊ नका, तेही याच ग्रंथींचं काम असू शकतं.

"अ‍ॅड्रिनल फटीग"ची, म्हणजे "ग्रंथी थकल्या" म्हणत विकली जाणारी, पॅकेजेस घेऊ नका. असं निदान वैद्यकशास्त्रात नाही.

ज्यांना कायमचं हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे त्यांनी ताप आला की डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा, बहुधा दुप्पट. गोळी उलटून पडत असेल तर सकाळची वाट न बघता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा आणि दारातच सांगा: "मी स्टेरॉइडवर आहे."