कॅस्केड हॉप्स कधी टाकायचे, किती टाकायचे

घरी पहिल्यांदाच पेल एल ही बिअर करणार असाल, तर वासासाठी हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या बोंडांची, एकच जात घ्या आणि ती कॅस्केड असू द्या. दुकानात सिट्रा, मोझॅइक अशी आजकाल चलती असलेली नावं दिसतील, त्यांचा मोह थोडे दिवस आवरा. चार जाती एका पातेल्यात पडल्या की कोणी काय केलं ते नंतर कळत नाही.

मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहते. कॅस्केड इथलाच. कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट विद्यापीठात अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी फगल ही इंग्लंडची हॉप्सची जात आणि रशियन वंशाचा एक नर वेल यांच्या संकरातून तो तयार केला. १९७२ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. १९७५ मध्ये अँकर ब्रुअरीच्या लिबर्टी एलमध्ये आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एलमध्ये तो पडला, आणि अमेरिकी पेल एलचा वास म्हणजे कॅस्केडचा वास असं समीकरणच झालं.

हा वास ओळखायला सोपा आहे. सुकं बोंड तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी जोरात चोळा. पाकळ्या कागदासारख्या कुरकुरतात आणि मधून पिवळी, चिकट भुकटी निघते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. कडवटपणा आणि सुगंध, दोन्ही तिच्यातच. आधी थोडा गवताचा वास येईल. हात गरम झाले की पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा वास वर येतो, मागून फुलांचा, आणि शेवटी किंचित मिरीचा. चीजसारखा किंवा घामट वास आला तर माल जुना आहे, घेऊ नका. कॅस्केड टिकाऊ नाही. साध्या तापमानात सहा महिने राहिला तर त्यातलं जवळपास निम्मं अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, जातं. म्हणून हवाबंद पाकीट घ्या, फ्रीझरमध्ये ठेवा आणि फोडलं की संपवा.

आता १९ लिटरचं माप. ४ किलो टू-रो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) आणि ३५० ग्रॅम क्रिस्टल ६० हे गडद माल्ट ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरू द्या. पोर्टलंडला बुल रनचं पाणी येतं, ते फार मऊ असतं. त्यात ५ ग्रॅम जिप्सम घातलं तर कडवटपणा नेमका लागतो. तुमचं पाणी जड असेल तर जिप्सम नको.

मग माल्टचा गोड रस गाळून घ्या. हा रस तासभर उकळायचा. उकळीच्या सुरुवातीला १४ ग्रॅम मॅग्नम, ही हॉप्सची दुसरी जात, टाका. मुख्य कडवटपणा त्याच्याकडून घ्यायचा, कारण कॅस्केड तासभर उकळणं म्हणजे तो वाया घालवणं. त्याच्या तेलात साधारण निम्मं मिरसीन हे सुगंधी द्रव्य असतं आणि ते वाफेबरोबर उडून जातं. म्हणून कॅस्केड उशिरा. उकळी संपायला १० मिनिटं असताना २८ ग्रॅम, ही झाली चव. मग गॅस बंद करा, रस ८० अंशांपर्यंत उतरू द्या, आणखी २८ ग्रॅम टाकून २० मिनिटं अधूनमधून ढवळत राहा. इथे घाई करू नका, बिअरचा अर्धा सुगंध या २० मिनिटांत ठरतो. मग मात्र रस झटपट गार करा.

पाकिटावरचा अल्फाचा आकडा दर वेळी वाचा. कॅस्केडमध्ये तो साधारण ४.५ ते ७ टक्के असतो. माझं १० मिनिटांचं माप ५.५ टक्क्यांचं आहे. २८ गुणिले ५.५ म्हणजे १५४. तुमच्या पाकिटावर ७ असेल तर १५४ भागिले ७, म्हणजे २२ ग्रॅम पुरे. हा हिशेब फक्त उकळीतल्या हॉप्ससाठी. गॅस बंद केल्यावरचं माप बदलू नका.

गार रसात घालायला यीस्ट साधं अमेरिकन एलचं घ्या, यूएस-०५ चालेल. तापमान १८-१९ अंश ठेवा. साखर आंबते तशी रसाची घनता उतरते. ती १.०५० च्या आसपास सुरू होऊन १.०१२ ला स्थिरावली की ४० ग्रॅम कॅस्केड थेट फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यात. झाकण उघडून पटकन टाका आणि लावून घ्या, हवा आत गेली की सुगंध मरतो. तीन दिवस बस. जास्त ठेवलं तर पपनस जाऊन गवत उरतं. हॉप्समधल्या एन्झाइममुळे उरलीसुरली साखर पुन्हा आंबायला लागू शकते, तेव्हा लागोपाठ दोन दिवस घनता तीच दिसल्याशिवाय बाटल्या भरू नका. बाटली फुटणं ही गंमत नाही. भरताना एकूण ११० ग्रॅम साखर, आणि दोन आठवडे खोलीत.

ऑगस्टअखेरीस इथल्या विलमेट खोऱ्यात तोडणी सुरू होते, तेव्हा शेतावरून ओली बोंडंही मिळतात. त्यांत बहुतेक पाणीच असतं, म्हणून सुक्याच्या पाच-सहा पट घ्या आणि तोडल्यापासून २४ तासांत वापरा. सुक्यापेक्षा त्यांचा वास हिरवा, कोवळा लागतो, मला तो फार आवडतो.

घरात कुत्रा असेल तर वापरलेल्या हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, अंगातला ताप झपाट्याने चढून कुत्रं दगावू शकतं. कंपोस्टच्या उघड्या ढिगावरही टाकू नका. आणि हे सगळं अमेरिकेतलं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर काढता येत नाही.

तयार बिअर गार जागी ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. कॅस्केडचा वास त्यापुढे उतरत जातो.