कंटेनर टर्मिनलवर नव्या माणसांना शिकवताना या चुका टाळा

सिम्युलेटरवर तास भरले, सर्टिफिकेट मिळालं, तरी जहाजावर हात बसत नाही. न्हावा शेवा असो वा दुसरं कुठलं बंदर, याचा दोष ऑपरेटरवर टाकणं बरोबर नाही. क्रेन ऑपरेटर, ट्रेलर ड्रायव्हर, कंटेनरची नोंद ठेवणारा टॅली क्लार्क आणि जहाजावर कंटेनर रॉडने बांधणारी-सोडणारी लॅशिंगची गँग यांना आपण वेगवेगळ्या वर्गांत शिकवतो. चूक मात्र एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जाताना होते.

ट्रेलरसकट उचल

बाहेरून आलेल्या ट्रेलरवर कंटेनर कोपऱ्यांच्या ट्विस्टलॉकने, म्हणजे फिरवून बंद होणाऱ्या लॉकने, बांधलेला असतो. ड्रायव्हर घाईत तीन उघडतो, चौथा गंजून अडकलेला असतो. यार्डातल्या क्रेनच्या उंच केबिनमधून ते दिसत नाही. ऑपरेटर सरळ उचलतो आणि कंटेनरबरोबर ट्रेलरही वर येतो. ड्रायव्हर केबिनमध्ये असेल तर जिवावर बेततं.

सवय अशी लावा: फूटभर उचलायचं, थांबायचं, कंटेनर आणि ट्रेलर यांच्यातली फट चारही कोपऱ्यांना दिसते का ते बघायचं. एखादा कोपरा चिकटला तर झटका न देता खाली ठेवायचं. क्रेन थांबल्याचा इशारा मिळाल्याशिवाय ड्रायव्हरने लॉकला हात लावायचा नाही. लॉक अडकल्याचा प्रसंग सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा द्या, खऱ्या ट्रेलरवर मुद्दाम लॉक बंद ठेवून सराव करू नका. ऑपरेटरला एकदा खाली आणून हाताने लॉक उघडायला लावा आणि ड्रायव्हरला केबिनमध्ये नेऊन वरून काय दिसत नाही ते दाखवा. आमच्या मते याच्याइतका उपयोगी तास दुसरा नाही.

पहिल्या आठवड्यापासून तासाला किती उचली हे मोजणं

आकड्याच्या धाकाने नवा ऑपरेटर वेग वाढवतो, कंटेनर झुलतो आणि तो घाबरून जॉयस्टिक उलटी ओढतो. त्याने झोका आणखी वाढतो. कंटेनर ज्या बाजूला झुलतो त्याच बाजूला ट्रॉली (क्रेनवर वर सरकणारा गाडा, ज्याला कंटेनर लटकतो) नेऊन तो झोक्याच्या टोकाला पोचताना ती त्याच्या डोक्यावर आणायची, हे हातात मुरेपर्यंत उचली मोजू नका. तोवर फक्त स्प्रेडर (कंटेनर वरून पकडणारी चौकट) पहिल्या प्रयत्नात बसला का ते पाहा. सिम्युलेटरवर वारा शून्य ठेवून शिकवलेला माणूस कोकणातल्या जूनच्या वाऱ्यात गोंधळतो, म्हणून पावसाळी वारा आणि धक्क्याशी हलणारं जहाज सरावात हवंच. काम कधी थांबवायचं हे क्रेन बनवणाऱ्याने दिलेल्या वाऱ्याच्या मर्यादेवरून ठरतं. ती मर्यादा ऑपरेटरला तोंडपाठ हवी.

जागेचा क्रमांक फक्त टॅली क्लार्कला शिकवणं

कंटेनर जहाजावर कुठे आहे ते सहा आकडे सांगतात: बे (जहाजाच्या लांबीतली जागा), रो (रुंदीतली) आणि टियर (उंचीतला थर), प्रत्येकी दोन आकडे. विषम बे 20 फुटी कंटेनरचा, सम बे 40 फुटीचा. रोचे सम आकडे जहाजाच्या डाव्या बाजूला, विषम उजव्या. होल्डमधले, म्हणजे डेकखालचे, टियर 02 पासून सुरू होतात, डेकवरचे साधारण 82 पासून. लॅशिंगवाल्याला हे वाचता आलं नाही तर तो भलत्याच बेचे रॉड सोडून बसतो. कागदी परीक्षा नको, जहाजावर उभं करून बोट दाखवायला सांगा.

रीफर म्हणजे फक्त प्लग लावणं

रीफर हा माल थंड ठेवणारा कंटेनर. त्यातली सर्वांत महाग पडणारी चूक वजा चिन्हाची: गोठवलेल्या मासळीला -18 ऐवजी +18. नाशिकच्या द्राक्षांना शून्याच्या आसपास तापमान लागतं, हापूस तेवढ्या थंडीत काळा पडतो. त्यामुळे सेट पॉइंट, म्हणजे यंत्रावर लावलेलं तापमान, कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ताज्या फळांसाठी आत सोडलेल्या हवेचं तापमान महत्त्वाचं, गोठवलेल्या मालासाठी परत येणाऱ्या हवेचं. हा फरक न कळलेला माणूस भलताच आकडा नोंदवून निघून जातो. प्लग काढण्याआधी युनिट आणि सॉकेट दोन्ही बंद करायचे, पुरवठा 440 व्होल्टचा असतो.

गेटवरच्या माणसांना वगळणं

धोकादायक मालाचे नऊ वर्ग फक्त सेफ्टी ऑफिसरला ठाऊक असून भागत नाही. आयएमडीजी कोड या समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार किनाऱ्यावर हा माल हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण 2010 पासून बंधनकारक आहे. कंटेनरचं तपासलेलं वजन जहाजावर चढवण्याआधी मिळायलाच हवं हा सोलासचा (जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) नियम 1 जुलै 2016 पासून लागू आहे. लेबल आणि कागद यांचा मेळ बसत नसेल तर कंटेनर बाजूला घ्यायचा अधिकार गेटवरच्या क्लार्कला लेखी द्या. अधिकार नसेल तर मागे ट्रेलरची रांग लागल्यावर तो कंटेनर आत सोडून देतो.