अमाल्फीला जायचंय? मग मुक्काम सालेर्नोत करा

म्युनिकला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात भारतातून आमच्याकडे कुणी ना कुणी येतं, आणि आलं की त्यांना इटलीतलं "ते डोंगरावरचं रंगीत गाव" बघायचं असतं. त्या गावाचं नाव पोझितानो. ते दक्षिण इटलीत, नेपल्सजवळच्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर आहे. त्याच्या निमित्तानं तिथे माझ्या सात फेऱ्या झाल्या. पहिली फजितीची, बाकीच्या सुखाच्या. व्हिसा, विमा, टोप्या, गोळ्या-औषधं हे तुमचं तुम्ही बघालच. त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

महिना

आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा एक नाही, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं. आपल्या मुलांना मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा तिथल्या शाळा चालू असतात. मेचा दुसरा पंधरवडा सगळ्यांत छान. पाणी जरा गार असतं, पण पोहता येतं. २ जून हा त्यांचा प्रजासत्ताक दिन, त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. ऑगस्टचा विचारही करू नका. आपल्याकडे १५ ऑगस्टला लागून रजा टाकायची हौस असते, पण तिथे त्याच दिवशी फेर्रागोस्तो, म्हणजे भर उन्हाळ्यातला सुट्टीचा सण असतो आणि अख्खी इटली समुद्रावर लोटलेली असते.

रात्री

सहा रात्री राहा. चार सालेर्नोत, म्हणजे या किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या शहरात, दोन नेपल्समध्ये. "एवढ्या लांब आलोच आहोत तर व्हेनिसही उरकू" असं जो म्हणेल, त्याच्याकडे सगळ्यांच्या बॅगा द्याव्यात. विषय आपोआप मिटतो.

रेल्वे

रोमहून सालेर्नोला थेट वेगवान गाड्या आहेत, साधारण दोन तास लागतात. त्यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढा, स्वस्त पडतात. नेपल्स-सालेर्नो किंवा सालेर्नो-पेस्तुम अशा प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, त्यासाठी आधीपासून धावपळ नको. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. "आम्ही पैसे भरलेत हो" हे तिकीट तपासनिसाला पटत नाही.

'शोपेरो' म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, तेव्हा प्रवास त्या वेळात बसवा.

शेवटचे पंचवीस किलोमीटर

सगळी गोम इथे आहे. सल्ले देणारे नेमके इथेच "तिथून बस मिळते" म्हणून मोकळे होतात.

नकाशा समजून घ्या. अमाल्फीचा किनारा म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर. रेल्वे त्याच्या दोन टोकांना येऊन थांबते, पश्चिमेला सोरेन्तोत आणि पूर्वेला सालेर्नोत. सालेर्नोला लागून असलेलं वियेत्री सोडलं तर मधल्या गावांना रेल्वे नाही. आहे तो एकच रस्ता, कड्यात कोरून काढलेला. दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि मागच्या सगळ्या गाड्यांना तिच्यामागे. आपल्या घाटांची सवय असलेल्यालाही इथे घाम फुटतो.

आम्ही पहिल्या वर्षी काय केलं ते सांगते. पाच रात्रींत तीन हॉटेलं. एक रात्र सोरेन्तो, दोन पोझितानो, दोन अमाल्फी. सासू-सासरे, नवरा आणि मी, चौघांच्या चार मोठ्या बॅगा. पोझितानोच्या हॉटेलच्या माहितीत "किनाऱ्यापासून ३०० मीटर" लिहिलं होतं, आणि नकाशावर तेवढंच भरतही होतं. पण पोझितानो आडवं पसरलेलं गाव नाही, ते भिंतीतल्या फडताळासारखं उभं आहे. ते ३०० मीटर म्हणजे नुसत्या पायऱ्या. दर दहा-बारा पायऱ्यांनी सासूबाई बॅगेवर बसायच्या, गुडघा चोळायच्या आणि म्हणायच्या, "पर्वती झाली, आता जेजुरी सुरू." सामान वाहून नेणारे हमाल तिथे मिळतात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

खरी फजिती पुढेच होती. तिसऱ्या दिवशी अमाल्फीला जायला बसथांब्यावर आलो. जुलै महिना, सावली म्हणून एका भिंतीची हातभर पट्टी. पावणेदोन तासांत तीन बस आल्या, तिन्ही खच्चून भरलेल्या. ड्रायव्हरनं काचेआडून तळहात उलटा करून दाखवला आणि न थांबता पुढे. शेवटी टॅक्सी केली. भाडं किती झालं ते इथे लिहीत नाही, सासऱ्यांना अजून माहीत नाही.

त्यानंतर मी दोन नियम केले, आणि ते कुणाच्याही आग्रहाखातर मोडत नाही.

एक, बॅगा घेऊन कड्यावर जायचं नाही. मुक्काम रेल्वे जिथे पोचते तिथेच. किनाऱ्यावर दिवसभर फिरायचं ते पाठीवर एक पिशवी घेऊन. मग सोरेन्तो का नको? सगळे तेच सुचवतात म्हणून सांगते. सोरेन्तो नेपल्सच्या आखाताकडे तोंड करून बसलंय, अमाल्फी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथली नेपल्सहून येणारी लोकल तासाभराहून जास्त वेळ घेते आणि मोसमात तिच्यात उभं राहायलाही जागा नसते. बंदर कड्याखाली, गाव कड्यावर. सालेर्नोचं तसं नाही. स्टेशनातून बाहेर पडा, सरळ समुद्राकडे सपाट रस्त्यानं पाच मिनिटं चाला, की धक्का. खोल्याही पोझितानोपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि हे माणसांचं, नांदतं शहर आहे. संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर आजोबा नातवंडांना घेऊन फिरत असतात, आपल्याकडे बघायलाही कुणाला सवड नसते.

दोन, जायचं ते लाँचनं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. एप्रिल ते ऑक्टोबर या मोसमात सालेर्नोहून अमाल्फीला लाँच साधारण ३५ मिनिटांत जाते, पोझितानोला सव्वा तास. वाटेत वियेत्री, चेतारा, मायोरी, मिनोरी. रस्त्यावरून जो किनारा तुकड्यातुकड्यांनी दिसतो, तो पाण्यावरून सलग दिसतो: वर लिंबांच्या बागा, त्यांवर काळी जाळी, खाली घरं, आणि घरांमधून मुंगीसारखी सरकणारी ती बस. तिच्याकडे बघून मला दर वेळी बरं वाटतं.

आता बारकावे. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या लाँचनं निघा. परतीचं तिकीट जातानाच काढा, कारण संध्याकाळी पोझितानोहून निघणाऱ्या फेऱ्या भरतात आणि मग पुन्हा तोच बसथांबा. तिकिटावर धक्क्याचं नाव नीट वाचा. स्टेशनजवळचा कोंकोर्दिया, आणि किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला मान्फ्रेदी. चुकीच्या धक्क्यावरून आपली लाँच जाताना फार सुंदर दिसते, असं आमच्या मावशी सांगतात.

समुद्र खवळला तर लाँच बंद. ऊन असलं तरी बंद, कारण वारा असतो. सकाळी तिकीटखिडकीवर "मारे मोस्सो", म्हणजे समुद्र खवळलाय, असं ऐकू आलं की वाद घालू नका. मग बस, पण ती फक्त पहिल्या थांब्यावर पकडायची. सालेर्नोत सुरू होते तिथे चढायचं, अमाल्फीत उतरायचं, येतानाही अमाल्फीच्या बंदराजवळच्या चौकातून, जिथून ती निघते तिथूनच. मधल्या गावात हात दाखवायला उभं राहू नका. तिकीट आधीच पानपट्टीसारख्या दुकानात घ्यायचं. बाहेर मोठा 'टी' असलेली पाटी असते, त्याला 'ताबाक्की' म्हणतात. सालेर्नोहून जाताना डावीकडे बसा, समुद्र डावीकडे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि आवळासुपारी पुण्याहूनच आणावी.

भाड्याची मोटार? नको. मोसमात गर्दीच्या दिवशी नंबरप्लेटनुसार सम-विषमचा नियम लागतो, गाडी लावायला जागा नसते, आणि जुन्या गावात जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते तिथे कॅमेरे असतात. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, तोवर आपण सहलीचे फोटो चौकटीत लावलेले असतात.

चार दिवस कसे लावायचे

पहिला दिवस अमाल्फी. कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या चढा, मग शेजारच्या आत्रानीत चालत जा, दहा मिनिटं लागतात. क्षेत्रफळानं इटलीतली सगळ्यांत लहान नगरपालिका, पण चौकात बसून कॉफी प्यायला आख्ख्या किनाऱ्यावर याहून चांगली जागा नाही. जमलं तर दुपारी वर डोंगरावरचं रावेल्लो. व्हिल्ला रूफोलोच्या बागेतून खाली समुद्र दिसतो. जर्मन संगीतकार वाग्नर १८८० मध्ये तिथे आला होता आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग त्याला तिथे सापडली.

दुसरा दिवस पोझितानो, आणि तेही दुपारपर्यंतच. फोटो काढा, पोहा, निघा. भाड्याच्या छत्र्या-खुर्च्यांचा भाग वेगळा आणि फुकटचा वेगळा असतो, फुकटच्या भागावर 'स्पियाज्जा लिबेरा' लिहिलेलं असतं. वाळू नाही, खडे आहेत, तेव्हा पाण्यात चालेल अशी चप्पल हवीच.

तिसरा दिवस पेस्तुम. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सालेर्नोहून रेल्वेनं अर्धा-पाऊण तास, स्टेशनातून चालत जायचं, आणि समोर अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन ग्रीक मंदिरं, खांबांसकट उभी. आजूबाजूला म्हशींचे गोठे आहेत. मोझरेल्ला त्याच दुधाचं, त्याच दिवशीचं खा.

चौथा दिवस राखीव ठेवा. समुद्र बिघडला तर हाच कामाला येतो. नाहीच बिघडला तर चेतारा. तिथे खारवलेल्या मांदेलीएवढ्या माशांचा लाकडी पिंपातून थेंबथेंब गाळलेला रस मिळतो, कोलातुरा. स्पॅगेटीवर घालतात. आमच्या मालवणच्या भाचीनं दोन बाटल्या नेल्या आणि सोलकढीसोबत संपवल्या.

पाँपेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर, नेपल्सच्या दोन दिवसांत बसवा. तिकीट आधी काढा, नावानिशी मिळतं आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून त्या दिवशी जाऊ नका.

खाणं, फक्त शाकाहाऱ्यांसाठी

बाकीच्यांना काही अडत नाही. नेपल्सच्या भागात मेनूवर 'जेनोवेझे' दिसलं तर तो हिरवा तुळशीचा पेस्तो नव्हे. इथे जेनोवेझे म्हणजे कांद्यात तासन् तास शिजवलेलं गोमांस. मावशी ऑर्डर देऊन बसल्या होत्या, मी ताट येण्याआधी वेटरला गाठलं. "मांस नको" एवढं सांगितलं तर ट्यूना येऊ शकतो, म्हणून मासाही नको हे वेगळं सांगा. स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थात परंपरेनं डुकराची चरबी असते. वांग्याची पार्मिजाना आणि मारिनारा पिझ्झा मागा. मारिनारावर चीज नसतं, त्यामुळे रेनेटचाही (चीजसाठी दूध गोठवायला वापरतात त्या वासराच्या पोटातल्या द्रव्याचा) प्रश्न येत नाही. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, ते माणशी टेबलाचे पैसे. भांडू नका.

फळवाल्याकडे लिंबाशेजारी खरबरीत सालीचं डोक्याएवढं फळ असतं. सगळे त्याला मोठं लिंबू समजतात. सासूबाईंनी हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर अंबाबाईच्या हातातलं म्हाळुंग." खरंच तेच. जाड पांढरा गर मीठ लावून खातात.

परत निघताना

शेवटच्या दोन रात्री नेपल्सच्या, याचं कारण पाँपेई नाही, विमान आहे. समुद्र आणि संप दोन्ही आपल्या तिकिटाला विचारत नाहीत. नेपल्सचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे आणि मुख्य स्टेशनाबाहेरून बस मिळते. खोली स्टेशनच्या जवळ घ्या, तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली, आणि लिफ्ट चालू आहे ना ते पैसे भरण्याआधी विचारा.