स्टीअरिंग तपासायचंय? आधी बोटीच्या मागे जा

बोटींच्या देखभालीच्या कामात नवीन आलेला माणूस आधी चाकाकडे जातो. दोन्ही बाजूंना फिरवून बघतो, फिरलं की ‘स्टीअरिंग ओके’ लिहून मोकळा होतो. माझ्या वरिष्ठांनी मात्र सुरुवातीला मला चाकाला हात लावू दिला नाही. हातात टॉर्च दिला आणि मागे पाठवलं. बरोबरच होतं ते. खारं पाणी साचतं, गंज चढतो आणि वाकून बघायचा कंटाळा येतो, ते सगळं मागेच असतं.

ही तपासणी दोघांनी करावी. एकाने चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने मागे इंजिन किंवा सुकाणू बघायचं. चाक फिरतंय, केबलचं टोकही सरकतंय, पण आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं) उशिरा हलतंय, म्हणजे केबलला इंजिनशी जोडणाऱ्या जोडदांड्याचे बोल्ट किंवा त्यांची भोकं झिजलीत. केबलचं टोकच उशिरा हलत असेल तर दोष पुढे, हेल्मच्या (चाकामागच्या यंत्रणेच्या) गिअरमध्ये किंवा केबलमध्ये. नुसत्या चाकावरून हा ‘प्ले’ (ढिलेपणा) नेमका कुठला, ते कळत नाही.

चाक जड जात असेल तर लगेच केबल बदलायला सांगू नका. इंजिन बंद ठेवून जोडदांडा सोडवा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरवा. ते सहज फिरलं तर दोष केबलमध्ये किंवा हेल्ममध्ये. तेच अडत असेल तर ते ज्यावर फिरतं त्या पिव्हटला ग्रीस हवं. केबलचं प्लास्टिकचं आवरण फुगलं किंवा तडकलं असेल तर आत गंज धरलाय असं समजा. तिची दुरुस्ती होत नाही, अख्खी केबल बदलावी लागते. आणि टिल्ट ट्यूबमध्ये (इंजिनच्या ज्या नळीतून केबलचा दांडा सरकतो तिच्यात) ग्रीस भरताना केबलचा दांडा पूर्ण आत घेतलेला हवा. तो बाहेर असताना ग्रीस भरलं तर दांडा आत जाताना त्या ग्रीसवर दाबला जातो आणि स्टीअरिंग जाम होऊ शकतं. जोडदांड्याला सेल्फ-लॉकिंग नटच लावा. साधा नट इंजिनच्या थरथरीने सुटतो.

हायड्रॉलिक स्टीअरिंगमध्ये सिलिंडरच्या दांड्यावर कोरडं कापड फिरवा. कापडाला तेल लागलं तर सील गळतंय. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही लवकर फाटणार. शेवटच्या टोकाला चाक घट्ट लागलं पाहिजे. जोर लावल्यावर किंचित सरकणं वेगळं, पण स्पंजासारखं दबत असेल तर बहुधा आत हवा शिरलीय. तेलाची पातळी भरा, हवा काढा, पण ती शिरली कुठून हे शोधल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

तारेचा दोर असलेल्या जुन्या यंत्रणेत दोरावरून चिंधी फिरवा, बोट नको. तुटलेली तार चिंधीत अडकते. आणीबाणीचं टिलर (चाक निकामी झालं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा) बोटीवर आहे एवढं बघून भागत नाही, ते प्रत्यक्ष बसवून बघा. बरेचदा त्याच्या खाचेवर कुणीतरी सामान रचलेलं असतं.

मोठ्या जहाजांवर जाणार असाल तर सोलासचे (समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) नियम पाठच हवेत: निघण्याआधीच्या 12 तासांत स्टीअरिंग गिअरची चाचणी, आणीबाणीच्या स्टीअरिंगचा सराव किमान दर 3 महिन्यांनी. मुख्य गिअरने पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांच्या आत न्यावं लागतं.

लहान बोटींकडे परत येतो. इंजिन फक्त न्यूट्रलमध्येच सुरू होतं ना, तेही पाहा. किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणारी) दोरी चालू इंजिनवर ओढून बघा. नुसती लटकवलेली दोरी काही सिद्ध करत नाही.

शेवटी पाण्यात, मोकळ्या जागी, आधी सावकाश. वेगात असताना बोट कुठे ओढते हे बघायला चाक सोडणारे मी पाहिलेत. तसं कधीच करू नका, ओढ हाताला कळते. ओढ उजवीकडे असेल तर प्रोपेलरच्या वरच्या छोट्या ट्रिम टॅबची मागची कड किंचित उजवीकडे वळवा, बोल्ट घट्ट करा आणि पुन्हा चालवून बघा.